टेकडीवरचे आठ

विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे तयार करणं हे माझं काम. आयुष्य त्यातच गेल्यामुळे डोंगर, नद्या, गावं मला वरून झटकन ओळखता येतात. समोरून मात्र मी हमखास रस्ता चुकते. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, यावरून माझी यथेच्छ थट्टा करतो. त्या दुपारी मी नुकता जेवणाचा डबा उघडला होता, तेवढ्यात टेबलावर पुठ्ठ्याची एक लांब नळी येऊन पडली आणि डबा तसाच राहिला. नळीत बाबांच्या टेकडीचे फोटो होते.

बाबांची टेकडी हा आमच्या घरात न बोलण्याचा विषय. युद्धात तिथल्या चौकीवर आठ शिपाई होते. हल्ला झाला, चौकी पडली, टेकडी शत्रूच्या ताब्यात गेली ती गेलीच. कुणाचाही मृतदेह परत आला नाही. परत आले ते फक्त बाबा. बऱ्याच आठवड्यांनी, पायी, एकटे. चौकशी झाली. ते पळाले असा पुरावा मिळाला नाही आणि पळाले नाहीत असाही मिळाला नाही. स्मारकाच्या भिंतीवर सात नावं कोरली गेली आणि आठवा माणूस जन्मभर मान खाली घालून खिळे-मोळे विकत राहिला. आमच्या गल्लीत आमचं घर 'पळपुट्याचं घर' होतं. मी लहानपणी त्यापायी दोन मुलींच्या झिंज्या उपटल्या आहेत आणि मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

बाबा गेल्या वर्षी वारले. त्यांच्या अंत्ययात्रेला गल्लीतली चार माणसं आली, तेव्हाच मी ठरवलं की आता हे प्रकरण तडीस न्यायचं. स्मारकाचं काम पाहणारे मेजरसाहेब माझ्या बाजूने होते. उत्साही माणूस, फोनवरही कवायतीच्या आवाजात बोलायचे. "पुरावा आणा ताई, बाकी माझ्यावर सोडा!" लष्कराने युद्धातले हवाई फोटो खुले केले, तसा त्यांनीच माझा अर्ज पुढे सरकवला. आई मात्र म्हणाली, "कशाला उकरतेस? झालं गेलं, गंगेला मिळालं." मी तिचं ऐकलं नाही. मला वाटलं, बिचारी घाबरते आहे.

माझ्या टेबलावर चार पायांचं एक यंत्र असतं, स्टिरिओस्कोप. एकाच जागेचे, विमान जरा पुढे सरकल्यावर काढलेले दोन फोटो त्याखाली शेजारी-शेजारी ठेवायचे आणि वरच्या दोन भिंगांतून पाहायचं. एक डोळा एक फोटो बघतो, दुसरा दुसरा, आणि सपाट कागदातून अख्खी जमीन उभी राहते. फक्त डावा फोटो उजवीकडे ठेवायचा नाही. तसं झालं की टेकडीचा खड्डा होतो आणि नाला वर चढून बसतो. नवीन माणसं पहिल्या आठवड्यात ही चूक करतात आणि आम्ही जुने लोक खो खो हसतो.

हल्ल्याच्या दिवशी विमान टेकडीवरून दोनदा गेलं होतं, एकदा हल्ल्याआधी आणि एकदा नंतर. पहिली जोडी लावली. टेकडी उठून आली, वाळूच्या पोत्यांची भिंत दिसली, आणि भिंतीशी माणसं! विमान बरंच खालून गेलेलं. मुंगीएवढी माणसं आणि त्यांच्या लांब सावल्या. मी मोजली. आठ. एक सावली बाकीच्यांपेक्षा चांगलीच लांब होती. बाबा साडेसहा फूट उंच होते. चौकीवर त्यांना 'शिडी' म्हणत, एवढी एकच गोष्ट त्यांनी आम्हाला कधी सांगितली होती. मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "लॉटरी लागली का गं?"

"बाबा सापडले!" मी म्हणाले.

हल्ल्यानंतरची जोडी मी घाईघाईने लावली. हे फोटो सगळं ठरवणार होते. बाबा तिथे नसले, तर गल्ली खरी ठरणार होती.

भिंगांत पाहिलं, तर टेकडीच्या जागी खोल खड्डा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी फोटो उलटे ठेवले होते! मला हसू आलं. पोत्यांची भिंत चरासारखी खाली गेली होती, पडलेली माणसं जमिनीत दाबल्यासारखी खोलगट दिसत होती. फक्त एक जण उभा होता.

फोटो उलटे असताना उभी वस्तू खाली जाते. ही गेली नव्हती.

मी फोटोंच्या जागा बदलल्या. टेकडी वर आली, भिंत वर आली, आणि तो तसाच उभा. डावा डोळा मिटला, तो नाहीसा झाला. उजवा मिटला, तरी नाहीसा. म्हणजे दोन्ही कागदांवर तो नव्हताच. दोन्ही डोळे उघडले की होता. सावली नव्हती. मी भिंगं पुसली, डोळ्यांवर पाणी मारून आले. थकलेले डोळे काय वाटेल ते दाखवतात, हे मीच नव्या लोकांना शिकवते. म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष करून मी पडलेल्या माणसांकडे वळले.

आठ. पुन्हा मोजले, आठच. मोजपट्टीने लांबी घेतली. शेवटचा, फुटलेल्या भिंतीच्या तोंडाशी, इतरांच्या पुढे, साडेसहा फूट.

मला रडूच कोसळलं. पळाले नव्हते! सगळ्यांच्या पुढे होते! जखमी होऊन पडले असणार, शुद्धीवर आल्यावर कसेबसे निघाले असणार, किती साधी गोष्ट. दादाला फोन केला, तर तो माझ्याहून जास्त रडला. मग मेजरसाहेबांना फोटो पाठवले. त्यांचा फोन लगेच आला. "अहो ताई, स्मारकाची भिंत त्या दिवशी त्या टेकडीवर पडलेल्यांची आहे! तुमचे वडील पडले. पुढे उठले, ते वेगळं. नाव भिंतीवर लागणार म्हणजे लागणार. पाथरवट इथेच कामावर आहे."

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि यंत्र कडेवर घेऊन, अक्षरशः कडेवर घेऊन, टॅक्सीने आईकडे गेले.

आई खिडकीशी बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवत होती. तिची स्मरणशक्ती अशी, की कोणाचा किती वर्षांपूर्वीचा वाढदिवस कोणत्या वारी होता तेही सांगेल. तिने मला पाहिलं. "एवढ्या लवकर? आणि हे काय बाळ कडेवर घेऊन आलीस?"

मी धावत-पळत सगळं सांगितलं. यंत्र जेवणाच्या टेबलावर मांडलं, फोटो लावले, तिला जवळ बसवलं. तिने भिंगांवर डोळे टेकले आणि बराच वेळ काढले नाहीत.

"पाहिलंस ना? बाबा पळाले नव्हते, आई!"

"पळाले असं मी कधी म्हटलं?"

"तू तर म्हणालीस, उकरू नको."

"हो." ती अजून भिंगांतच पाहत होती. "हे पडलेत ते, आणि हे उभे. दोन्हीकडे तुझे बाबाच आहेत."

उभ्या माणसाबद्दल मी तिला काहीच सांगितलं नव्हतं.

"परत आले तेव्हा दारात असेच उभे होते," आई म्हणाली. "ऊन होतं भर दुपारचं. मी पायांकडे पाहिलं, सावली शोधली. मग शोधायचं सोडून दिलं आणि म्हटलं, आत या. विचारलं असतं, तर परत जावं लागलं असतं त्यांना. मी जन्मभर विचारलं नाही."

"आई, काहीतरीच काय! ते जखमी होते, नंतर उठले."

"बरं." तिने माझा हात धरला. पकड घट्ट होती. "एवढंच कर. भिंतीवर नाव नको. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत, आपलं काही जात नाही."

"अगं, त्यासाठीच तर सगळा खटाटोप!"

"ते टेकडीवरच गेले असं एकदा दगडात कोरलं, की मग ते परत आले नाहीत. तुम्ही दोघं ते परत आल्यावर जन्मलेली. तुझं आणि दादाचं काय?"

हे तिने इतक्या व्यवहारी सुरात विचारलं, की मला हसायला येईना. मी मेजरसाहेबांना फोन लावला.

"अभिनंदन ताई!" ते ओरडले. मागे दगडावर छिन्नीचा ठक्‌ ठक्‌ आवाज येत होता. "पाथरवटाने काम सुरूसुद्धा केलं. अक्षर काय सुरेख काढतोय!"

"थांबवा त्याला."

"आँ? आवाज तुटतोय तुमचा."

"मेजरसाहेब, काम थांबवा! नाव नको आहे!"

"हॅलो? कोण बोलतंय?" ते म्हणाले. छिन्नी चालूच होती.

मी दादाला फोन लावायला गेले. फोनमध्ये दादाचं नावच नव्हतं. नंबर पाठ होता म्हणून दाबला. एक बाई झोपेतल्या आवाजात म्हणाली, इथे असं कुणी राहत नाही.

मी वळले. आईने माझा हात सोडला होता. ती माझ्याकडे पाहत होती, पाहुण्यांकडे पाहते तशी, अगत्याने.

"उभ्या का?" ती म्हणाली. "बसा ना. मी पाणी आणते. आपण कुणाकडे आलात?"