सोमवारचं जागं बाळ

"उद्या दुपारी पोलीस मला घेऊन जातील," शकुंतला म्हणाली, "आणि बाळ तरीही मरेल. ते मला जास्त झोंबतंय."

सांगलीच्या त्या लॉजमध्ये खुर्ची एकच होती आणि तिच्यावर मदतनीस हरिभाऊ आधीच पसरले होते. त्यामुळे साताऱ्याचे खासगी गुप्तहेर नाथाजी भोईटे खिडकीच्या कठड्याला टेकले आणि पाहुणीला ट्रंकेवर बसवलं.

शकुंतला विश्रामबागेतल्या एका लहान दवाखान्यात नर्स होती. तासगावकडच्या अनसूयेचं तान्हं बाळ दोन आठवड्यांपूर्वी जुलाबांसाठी तिथं दाखल झालं होतं. जुलाब थांबले, पण दुपार झाली की बाळ असं गाढ झोपे की हलवून उठेना. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत. काल ओठ निळे पडले. शकुंतलेनं तळवे चोळचोळून त्याचा श्वास चालू ठेवला होता.

"अफू," नाथाजी म्हणाले.

"डॉक्टरही तेच म्हणतात. आणि अफूची डबी सापडली माझ्या कपाटात."

हरिभाऊ खुर्चीत सावरून बसले.

"बाळाच्या आजीची डबी आहे ती. आल्या दिवशीच बाळाला चाटवायला निघाल्या होत्या, मी काढून घेतली. डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं, तीच चूक. त्यात सोमवारी माझी सुट्टी. आणि दोन्ही सोमवारी बाळ टक्क जागं होतं."

हरिभाऊंनी हळूच मान हलवली. त्यांच्यापुरता खटला निकालात निघाला होता.

"हरिभाऊ, टोपी घ्या," नाथाजी म्हणाले. "बाळ बघून येऊ."

डॉक्टर रिसबूड सज्जन होते आणि सज्जन माणसांसारखेच घाबरलेले होते. "बाळं रडली की नर्सचं काम वाढतं. अफू तिच्या हाताशी होती. ती असली की बाळ बुडतं, नसली की तरतं. आणखी काय हवं?"

"सोमवारी आणखी काय नसतं, ते हवं," नाथाजी म्हणाले.

दाराशी बाळाचा बाप उभा होता. लालासाहेब, पलटणीतला हवालदार, रजेवर आलेला. "नसतं काय? ती बया नसती! मी लढाईतनं जित्ता आलो ते पोराला माती द्यायला? उद्या दुपारपातुर बगतो, मग फौजदार जाणं न् ती जाणं."

त्याची आई हरणाबाई व्हरांड्यात पदर तोंडाला लावून बसली होती.

"आजी, डबी तुमचीच ना?"

"व्हय. माजी गुडघं धरत्यात, म्या बी घेती चिमटीभर. आमच्यात समद्याच पोरास्नी देत्यात. पर नर्सबाईनं डबी नेली, तवापास्नं नातवाच्या तोंडाला माजं बोट लागलं न्हाई. खंडोबाची आण घिऊन सांगते."

"आण कशाला? दिसतंय की," नाथाजी म्हणाले. खरंच दिसत होतं. म्हातारी रडत होती ती पोटातून.

आत पडदे ओढलेले होते. अनसूया बाळ मांडीवर घेऊन भिंतीला टेकली होती. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मात्र भर उन्हात उभं असल्यासारख्या बारीक झालेल्या होत्या.

"बाळाला वरचं काय देता, वहिनी?"

"काय बी न्हाई. नर्सबाईचं औषद न् माजं दूद." तिनं नाक खाजवलं. बोलता बोलता मान कलली, परत सावरली. "मलाच दम न्हाई बगा. सासूबाईंनी मेथीचं लाडू केल्यात, त्यावर हाय मी. सोमवारी तेबी न्हाई, उपास असतो. धनी लढाईवर गेलं तवापास्नं धरलाय. सोमवारी लय हुशारी वाटती."

तिनं डबा पुढं केला. "घ्या की दादा."

नाथाजींनी हात जोडले. हरिभाऊंनी हात पुढं केला.

"कडू आहेत जरा," लाडू संपवून हरिभाऊ म्हणाले.

"मेथीचं हायत न्हवं?"

मग नाथाजी शकुंतलेशी बराच वेळ बोलले. परतले तर हरिभाऊ बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेले. जेवणानंतर हरिभाऊंना झोप येणं ही बातमी नव्हे. पण आज ते जेवलेच नव्हते. हाक मारली, हलवलं, तेव्हा कुठं एक डोळा उघडला, आणि पहिला हात गेला तो नाकाला. नाक कराकरा खाजवलं.

नाथाजी पुन्हा खोलीत गेले. "वहिनी, डबाच द्या. आमच्या माणसाची भूक मोठी आहे." लाजल्यासारखं तोंड करून त्यांनी डबा काखेत मारला. अनसूयेला डाळ-भाकरी मागवली.

जाताना डॉक्टरांना म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत शकुंतलाबाईच बाळाचं सगळं करतील. रोजचंच औषध, रोजच्याच चमच्यानं. तुम्ही शेजारून हलायचं नाही."

"वेड लागलंय का? बाळ गेलं तर?"

"म्हणून तर तुम्हाला बसवतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे त्या खोलीत जमले. फौजदार यायचा होता. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. बोलून उपयोगही नव्हता, कारण बाळानं खोली डोक्यावर घेतली होती.

लालासाहेब पाहतच राहिला. "आज सोमवार न्हाई. नर्सबाई बी हाय. मग पोर जागं कसं?"

"डॉक्टरांना विचारा, त्यांनी डोळ्यात तेल घालून पाहिलंय," नाथाजी म्हणाले. "औषध तेच, चमचा तोच, हातही तोच. गेला फक्त लाडवांचा डबा. सोमवारी दोन गोष्टी नसायच्या, नर्सबाई आणि लाडू. तुम्ही एकच मोजली. काल दोन्ही एकदम काढल्या असत्या तर बाळ वाचलं असतं आणि ही बाई तुरुंगात गेली असती. म्हणून एक ठेवली, एक काढली."

"पण लाडू तर आई खायची!" हरिभाऊ म्हणाले.

"आणि काल तुम्ही खाल्लात. झोपलात, नाक खाजवलंत; अफूनं नाकाला खाज सुटते. वहिनीही नाक खाजवत होत्या, अंधारात त्यांच्या बाहुल्या बाळासारख्याच बारीक होत्या. अफूचा कडवटपणा मेथीत कोणाला कळणार? सगळ्यांनी बाळाच्या तोंडावर पहारा ठेवला, आईच्या तोंडाकडे कोणी पाहिलं नाही."

हरणाबाई उठून उभी राहिली. "आवं, ती डबी नेन्याआदी केल्यात लाडू! पोरगी लढाईवरल्या नवऱ्याच्या घोरानं रातरात डोळं मिटत न्हवती. तिला झोप लागावी म्हनून पाकात घातली वाईच. पोराला न्हाई दिली म्या!"

"खोटं नाही बोललात," नाथाजींचा आवाज खाली आला. "पण आजी, मेथी कशाला घातलीत?"

"दुदात उतरावी म्हनून..."

ती मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी कपाळ बडवू लागली. लालासाहेबानं तोंड भिंतीकडं फिरवलं. शकुंतलेकडं पाहायची त्याची छाती नव्हती.

डॉक्टरांनीच घसा साफ केला. "शकुंतलाबाई, तुम्ही... आज सुट्टी घ्या."

"आज सोमवार नाही, डॉक्टर."

हरणाबाईनं रडत मान वर केली. "नर्सबाई, ह्यो आता माज्या मांडीवर देशीला का न्हाई?"

शकुंतला बाळाला खांद्यावर थोपटत होती. परवा याच वेळी तिनं त्याचे थंडगार तळवे चोळले होते.

"आधी हात धुऊन या, आजी," ती म्हणाली. "साबणानं."