मागच्या दाराची कडी

वसंत मास्तरांचा दहावा उद्यावर आला होता. पाहुणे सकाळी यायचे होते, म्हणून सौंसरच्या त्या घरात दोघी मायलेकीच होत्या. गायत्री लॅपटॉप उघडून बसली होती. पुण्याचं काम काही सुतक पाळत नाही. आकाशगंगा कशा घडल्या, त्याचं सिम्युलेशन पडद्यावर चाललं होतं. मास्तर गेल्यापासून गप्प झालेली आई, सुधाबाई, आज पहिल्यांदा जवळ येऊन बसली.

"हे ठिपके भायेर जाऊन राहिले. मंग कुठं जाते वो?"

"कुठंच नाही, आई. सारं विश्व कॉम्प्युटरात मावत नाही, म्हणून आम्ही त्याची एक पेटी घेतो. समोरच्या भिंतीतून जे जाते, ते मागच्या भिंतीतून परत येते."

"तेच?"

"हाव, तेच." आईचा चेहरा उजळला, तशी गायत्रीही रंगात आली. "हे लहानसं पाह्य, परत आलं. आता शेजारच्याले ओढून संगं नेते."

सुधाबाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मास्तरांना समोरच्या दारानं नेलं होतं.

रीत अशी, की दिव्यापाशी मूठभर पीठ पसरून टोपलं झाकायचं आणि सकाळी गेलेल्याचं पाऊल उमटलंय का ते बघायचं. सुधाबाईंनी टोपलं घेतलंच नाही. मागच्या दारापासून समोरच्या दारापर्यंत त्यांनी ज्वारीचं पीठ पसरलं आणि मागची कडी काढून ठेवली. हे खूळ आपणच आईच्या डोक्यात भरवलं, हे गायत्रीला कळत होतं. बापापाठोपाठ आईही हातची जायची, या भीतीनं तिला काही सुचेना. आईचा डोळा लागल्यावर तिनं हळूच जाऊन कडी लावली, पिठात उमटलेली आपली पावलं सारखी केली, ओल्या फडक्यानं पायांचे तळवे पुसले आणि आईच्या बाजेलगत खाली अंथरूण टाकून, तिचा पदर मुठीत धरून पडली.

पहाटे जाग आली ती संत्र्याच्या सालीच्या वासानं. मास्तरांच्या सदऱ्याच्या खिशाला तोच वास असायचा.

मूठ रिकामी होती. बाजही.

पिठात पावलं होती. कडी लागलेल्या मागच्या दारातून आत आलेली, रुंद, डाव्या पायाची करंगळी नसलेली. बाबांची. ती बाजेशी थांबली होती. तिथून पुढं दोघांची पावलं शेजारी शेजारी समोरच्या दारापर्यंत गेली होती. त्याही दाराची कडी आतून लागलेली होती.

"आई..." गायत्रीनं हाक मारली.

मागचं दार कुणीतरी बाहेरून हळूच लोटलं.

"कडी काहून लावली वो, गायत्री...? उघड ना... तुह्ये बाबा थांबून राहिले..."

गायत्रीनं पाय पोटाशी घेतले. ती अंथरुणावरून उठलीसुद्धा नव्हती. तरी रात्री पुसलेले तिचे तळवे पुन्हा पिठानं पांढरे झाले होते.