आधी कुणी जायचं?

लिफ्टचं दार उघडलं आणि मी शेजारी उभ्या अनोळखी माणसाला म्हणाले, “आधी तुम्ही.”

“छे छे, आधी तुम्ही…”

आमचा आग्रह संपेपर्यंत लिफ्ट रिकामीच वर निघून गेली. मग दोघंही धापा टाकत जिना चढलो, आणि वर पोचल्यावर कळलं की जायचं एकाच बैठकीला होतं.

मी सरकारी नियोजनवाली. देशाच्या आकाशात ड्रोननी कुठून आणि किती उंचावरून उडायचं, ते रस्ते मी आखते. तो ड्रोन कंपनीचा प्रोग्रामर. हसायला लागला की आधी डोळे हसायचे. ड्रोननी एकमेकांना वाट देण्याचा नियम आम्ही दोघांनी मिळून लिहिला: समोर कुणी आलं की थांबायचं, त्याला जाऊ द्यायचं. महिनाभर कोपराला कोपर लावून बसलो, कितीतरी चहा गार केले. मनातलं मात्र… तो बोलेल म्हणून मी थांबले.

शेवटच्या दिवशी मैदानावर चाचणी होती. तो एका टोकाला, मी दुसऱ्या. दोन ड्रोन निघाले, मधोमध समोरासमोर आले आणि थांबले. थांबलेच! बॅटरी संपत आली तशी दोन्ही मुकाट्याने गवतात उतरले.

“हे कुणाचं डोकं?” आमचे साहेब कडाडले.

मला हसू आवरेना… आणि मग आठवलं. उद्या हा आपल्या गावाला परत जाणार होता, आणि आमचंही अगदी असंच चाललं होतं.

मी त्याला फोन लावला. “नवा नियम. ज्याची बॅटरी कमी, तो आधी.”

“मान्य. ऐका ना, मला एक सांगायचं होतं… पण आधी तुम्ही बोला.”

“तुमच्या फोनची बॅटरी किती?”

“भरपूर आहे. का?”

“माझी संपत आलीये. म्हणजे नियमाने मीच आधी.” डोळे मिटून घेतले. “तुम्ही मला फार आवड—”

फोन बंद.

त्या टोकाहून तो पळत सुटला. ड्रोनला अडखळला, साहेबांना धडकला, माफीसुद्धा न मागता माझ्यापुढे येऊन उभा राहिला.

“शेवटचं नीट ऐकू आलं नाही…”

“आलंय. कान लाल झालेत तुमचे.”

“मलाही तुम्ही आवडता. त्या लिफ्टपासून!”

“मग तेव्हाच बोलायचं ना! उगाच जिना चढायला लावलात.”

“नियम दुरुस्त झाल्याशिवाय कुणी गावाला जायचं नाही!” मागून साहेब ओरडले. इतकी गोड शिक्षा मला आजवर कुणी केली नव्हती.

संध्याकाळी ऑफिसात लिफ्टचं दार उघडलं. आम्ही दोघंही एकदमच आत घुसलो. दारात खांद्याला खांदा घासला, आणि कुणीच सॉरी म्हटलं नाही.