टाचांच्या भेगा

फोन ठेवून डॉ. मृण्मयी साळकर हसतच प्रयोगशाळेत परतली.

"सर, तुमच्या जंतूंना आईचे आशीर्वाद! नव्या घरात टाचांच्या भेगा बुजल्या म्हणते. आधी मुंग्या येतात, मग छान वाटतं."

सूक्ष्मजीवतज्ज्ञ डॉ. सुलेमान मुजावर हसले नाहीत.

पाडलेल्या इमारतींचा राडारोडा आणि उसाची चिपाडं यांपासून केलेली स्वयंसांधी वीट हे या दोघांचं अपत्य. विटेत सांधजंतू झोपलेले असत. तडा जाऊन ओल शिरली की जागे होत, राडारोड्यातला चुना ओढून तडा बुजवत आणि पुन्हा झोपी जात. पहिलं घर, भिंतींपासून पायाखालच्या जमिनीपर्यंत याच विटांचं, मृण्मयीच्या आईसाठी बांधलं होतं. लोकांना सांगण्याआधी आपल्या घरी करून दाखवावं, हा मृण्मयीचा बाणा. असल्या बाण्यात पहिली झळ घरच्यांनाच लागते, हे कोणी सांगत नाही.

"जंतूच्या लेखी तडा म्हणजे काय?" मुजावरांनी विचारलं.

"ओलसर, अरुंद फट."

"मग टाचेची भेग?"

"पण सर, इथली जमीनही याच विटांची, वर्षभर आपण तिच्यावर चालतोय!"

मुजावरांनी तिच्या रबरी बुटांकडे बोट दाखवलं. प्रयोगशाळेत बुटांशिवाय पाऊल टाकायचं नाही, हा नियम. आणि घरात बूट घालून कोण फिरतं? एवढी साधी गोष्ट दोन विद्वानांना सुचली नव्हती.

"तिथे त्यांना घाम मिळतो, कातडीचा चुरा मिळतो. पोट भरलं की जंतू झोपत नाहीत, वाढतच जातात. आणि चुना जिथून जवळ, तिथून घेतात."

"टाचेजवळ चुना कुठून..." मृण्मयी बोलता बोलता थांबली. हाडातून. ती तशीच निघाली.

आईचं घर तासाभरावर होतं. ती धावतच आत शिरली. आई स्टुलावर बसून मेथी निवडत होती.

"बरं झालं बाई, आलीस. सकाळपासून बसलेय, उठताच येईना. पाय कसे जड झालेत."

मृण्मयीनं वाकून पाहिलं. टाच कुठे संपते आणि जमीन कुठे सुरू होते, ते कळत नव्हतं. मधे सगळं पांढरट, गुळगुळीत. टाचेखालची फटही ओलसर आणि अरुंदच. घरानं तीही सांधली होती. तिनं पाय ओढून पाहिला, तशी आई किंचाळली.

तिनं मुजावरांना फोन लावला.

"आम्ल घेऊन निघतो," ते म्हणाले. "चुना विरघळेल."

"कुठला, सर? जमिनीतला की तिच्या हाडांतला?"

"हलवू नकोस त्यांना. मी येतोय."

मृण्मयी आईचा हात धरून उभी राहिली. तिला इतकी भीती कधीच वाटली नव्हती. "घाबरू नकोस गं," आईच तिला म्हणाली, "मी आहे ना."

अर्ध्या तासानं फोन वाजला.

"वाटेत आहे. एक विचारायचं राहिलं. तुझ्या पायांत बूट आहेत ना?"

मृण्मयीनं दाराकडे पाहिलं. बूट उंबऱ्याबाहेर होते. एवढ्या घाईतही आईच्या घरात शिरताना ते आपोआप निघाले होते.

"मृण्मयी, मुंग्या येताहेत का?"

मघाशी आल्या होत्या. आता छान वाटत होतं.