लवंगेचं पाणी

दवाखान्यातली लवंग तेलाची बाटली पर्समध्ये टाकून प्रियदर्शनी जेवायला घरी निघाली. आष्ट्यात तिचा दातांचा दवाखाना होता. घरच्या टाकीतला तिचा लाडका गोल्डफिश पाणी भरून टम्म फुगला होता. खवले उभे राहिले होते, पोहता पोहता तो उलटा व्हायचा. आता लवंग तेलाच्या पाण्यात त्याला शांतपणे कायमचं झोपवायचं, एवढंच तिच्या हाती उरलं होतं.

घरी येऊन बघते तर टाकी रिकामी.

"मासा कुठंय?"

नवरा, जयराज, सोफ्यावर मोबाइल चाळत बसला होता. "सकाळीच पाण्याच्या डब्यात घालून फ्रीजरमधी ठिवला. पावणे यायचेत, त्यांच्यापुढं ते तडफडणं कशाला? थंडीनं झोप लागती गं."

"झोप? जिवंतपणी अंगात बर्फ धरतो त्याच्या! मी येईपर्यंत हात लावू नका म्हणाले होते ना?"

"मासाच हाय. माणूस न्हाई."

तिचं मस्तक फिरलं. तरातरा ती स्वयंपाकघरात गेली. वीज गेली होती, फ्रीजची घरघर बंद होती. दाराला हात घालणार, तोच आतून आवाज आला.

टक्... जरा थांबून पुन्हा, टक्...

तिनं दार ओढलं. डब्यातलं पाणी दगडासारखं गोठलं होतं आणि मधोमध मासा, तोंड उघडं. ती बघत असतानाच बर्फातलं ते तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

"प्रिया... पांघरूण दे गं... लय गार वाजतंय..."

आवाज हॉलमधून आला होता. ती बाहेर धावली. जयराज गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत होता. ओठ निळे पडलेले. भर एप्रिलात त्याच्या भुवयांवर पांढरा हिवाचा थर चढला होता. तोंड उघडत होतं, मिटत होतं... माशाच्याच लयीत.

भीतीच्या आधी तिला संताप आला. "कळली आता, कसली झोप ती?"



तिनं गोधडी त्याच्या अंगावर फेकली आणि आत जाऊन डबा पाण्याच्या पातेल्यात उपडा केला. बर्फ विरघळला, तसे माशाचे कल्ले हलू लागले. एका रिकाम्या बाटलीत कोमट पाणी आणि लवंग तेल घालून तिनं दुधासारखं पांढरं होईतो हलवलं, थोडं थोडं ओतलं. मासा कलंडला. निजला. मग उरलेलं ओतलं. कल्ले थांबल्यावरही तिनं त्याला उचललं नाही. बराच वेळ तसंच पाण्यात राहू दिलं.

"माफ कर रे बाळा," ती म्हणाली.

हॉलमध्ये सामसूम होती. ती दचकून धावली. जयराज गाढ झोपला होता. अंग गरम, श्वास मात्र फार सावकाश. तिनं गदागदा हलवलं तेव्हा कुठं तो जागा झाला.

"का उठवलंस?" तो पुटपुटला. "किती बरं वाटत हुतं..."

संध्याकाळी पाहुणे चहा पिऊन गेले. जयराज आता ठणठणीत आहे. जेवतो, हसतो, कामावर जातो. प्रियदर्शनी मात्र दुसऱ्या खोलीत झोपते, आतून कडी लावून.

कारण त्या दिवसापासून झोपेत त्याचे डोळे माशासारखे उघडेच असतात. तो मंद घोरत असतो... आणि ती त्याच्या खोलीत आली, की जिकडं सरकेल, तिकडं ते डोळे वळत राहतात.