कानामागची ऊब

हेमांगी ठोसर आपले कपडे आपणच यंत्रात धुवायच्या लाँड्रीत शिरली तेव्हा कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारा पिशवीत हात घालून बसला होता. हा तीन तास इथेच आहे आणि काही विचारलं तर बोलत नाही, अशी मालकिणीची तक्रार होती.

हेमांगीच्या उजव्या कानामागे नाण्याएवढी चकती होती: इंगितमापक. समोरच्याचा श्वास, घाम, आवाजातला कंप यांवरून ती त्याचा हेतू ताडायची आणि धोका वाटला की तापायची. साताऱ्याहून अमेरिकेत आलेली हेमांगी तिथल्या सैन्यात शिरली, त्यातूनच तिला नागरिकत्व मिळालं. सहा वर्षं एका तपासणी नाक्यावर तिने अशीच चकती वापरली. कान तापला की माणूस बाजूला काढायचा. पुढे त्याचं काय व्हायचं, हे तिला कधी कळलं नाही. आता या लहानशा शहरात ती वस्तीपोलीस होती. लोकांशी ओळखी वाढवायच्या, हेच तिचं काम. पोलिसांनीही चकत्या नुकत्याच घेतल्या होत्या. तिची कालच बसवली होती.

म्हाताऱ्याने वर पाहिलं आणि तिचा कान तापला.

तिने हात बाहेर काढायला सांगितलं. तो हलला नाही. कान आणखी तापला, आणि तिचा हात आपोआप कमरेच्या पिस्तुलाकडे गेला. ते दिसताच म्हातारा गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात त्याने डोक्यामागे बांधले, अगदी सरावाने. पिशवी कलंडली आणि त्यातून ओली लुगडी बाहेर आली.

तिने हिंदीत विचारलं तेव्हा तो बोलता झाला. नाव मणिराज, भूतानहून निर्वासित. अठरा वर्षं छावणीत काढलेली. बायको अंथरुणाला खिळली, म्हणून तिची लुगडी धुवायला आला होता. वाळवायचं यंत्र कसं लावतात ते कळेना आणि विचारायची लाज वाटली. हेमांगीने यंत्र लावून दिलं. लुगडी वाळेपर्यंत ती त्याच्याशेजारी बसून राहिली, पण त्याच्याकडे पाहणं तिला जमलं नाही.

ठाण्यात परतताच तिने चकती उपटून तंत्रज्ञ डोरीनच्या टेबलावर ठेवली. ही चुकीची तापते, काढून टाका, म्हणाली.

डोरीनने पडद्यावर नोंदी उघडल्या, पुन्हा तपासल्या.

"हेमांगी, ही तापलेली नाही. ही अजून सुरूच केलेली नाही. काल फक्त बसवली होती."

हेमांगीने कानामागे बोट लावलं. जागा थंड होती. मग दुपारी तापलं ते काय? आणि नाक्यावर? बाजूला काढलेल्या त्या शेकडो माणसांपैकी यंत्राने किती ओळखली, आणि किती तिने? ती चेहरे आठवू लागली. एकही धड आठवेना.

डोरीनने चकती तिच्यासमोर धरली.

"आता सुरू करू का?"

चकतीवर विश्वास ठेवायचा की स्वतःवर, हेच हेमांगीला ठरवता येत नव्हतं.