तीन नंबरचा काउंटर

रविवारी दुपारी काही सुचेना, म्हणून सुप्रियाने कपाटातली ती जुनी कादंबरी काढली. कितव्यांदा, ते तिचं तिलाच ठाऊक. थेरगावला घरचे सगळे भाड्याच्या खोल्यांत राहायचे, तेव्हा शेजारच्या कस्तुराने दिलेली. दोघींनी एका गोधडीत पालथं पडून तिची पारायणं केली होती. शहरातच एक लपलेली वस्ती, आडोशाच्या लोकांची. जादू करायचे, तुमच्याआमच्यात वावरायचे, दिसायचे मात्र कुणालाच नाही. "आपल्याला कधी नेतील गं ते?" कस्तुरा विचारायची.

पण आडोशाला जातात कसे, हे सुप्रिया साफ विसरली होती. त्या दुपारी ते पान आलं. जिवाभावाच्या माणसाने ज्याची ओळख तीनदा नाकारली, तो दर नकाराला पुसट होत होत आडोशाला गेला.

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं.

आता लपवायचं कशाला! चाकणच्या कंपनीत ही ऑफिसात लागली, आणि पहिल्याच दिवशी कँटीनच्या तीन नंबर काउंटरवर कस्तुरा! डोक्याला जाळी, हातात वरणाचा डाव. "सुपे!" म्हणून ओरडलीच ती. सोबत आलेल्या तिच्या साहेबांनी, निरंजन सरांनी, विचारलं, "ओळखीच्या आहेत?" आणि ही बया म्हणाली, "नाही हो." मग गेल्या आठवड्यात कस्तुराने गुपचूप जास्तीचा ठेचा वाढत विचारलं, "आई कशी आहे गं?" शेजारी उभ्या ऑफिसातल्या रुपालीने भुवया उंचावल्या. "दुसरंच कुणी वाटलं असेल त्यांना," मोबाइलमध्ये बघत सुप्रिया म्हणाली. झाले दोनदा. लाज कुठे गहाण टाकली होती कुणास ठाऊक.

तिने पहिलं पान उघडलं. 'सुपीला. वाचून परत दे. कस्तुरा.' बाकी अक्षरं निळीशार, पण कस्तुराचं नाव उजेडात तिरपं धरून वाचावं लागलं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती पुस्तक घेऊन कँटीनला गेली. तिसऱ्यांदा व्हायच्या आत माफी मागायची, तीही चारचौघांत, असं ठरवूनच. तीन नंबरला रांगच नव्हती.

"तिकडे कुणी नसतं, मॅडम," सुपरवायझर म्हणाला.

"कस्तुरा असते ना?"

"कोण कस्तुरा?"

काउंटरवर मात्र वरणाची वाफ निघत होती. डाव हलत होता... एकटाच, सावकाश. फोडणीच्या वासात चमेलीच्या तेलाचा वास मिसळला होता, कस्तुराच्या केसांचा. सुप्रियाने ताट पुढे केलं.

"कस्तुरे... मी आहे गं. मी..."

"कुणाशी बोलतेस, सुप्रिया?" मागे निरंजन सर, ताट घेऊन, हसत.

जीभ झडो तिची! सवयीने बोलून गेली.

"कुणाशी नाही, सर."

डाव थांबला. सर पुढच्या काउंटरला गेले. सुप्रियाला मान वर करवेना. तिच्या ताटात चमचाभर ठेचा पडला. मग आणखी एक चमचा.

आणि अगदी कानाशी, हळूच...

"आईला विचारलंय म्हणून सांग."